मोडलेली गाडी : दुरुस्ती, सुटे भाग आणि आपण

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, लसीकरण अशा विषयांवरील लेख यावेत, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. त्यातून एका बालरोगतज्ज्ञाने अपघातात मोडलेल्या हायब्रिड मोटारीविषयी लिहावे, याचे संपादक मंडळालाही थोडे नवल वाटले असेल. परंतु २०२२ पासून, म्हणजे टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, होंडा सिटी यांच्या हायब्रिड आवृत्त्या बाजारात आल्यापासून, आपल्या धार-देवास-इंदूर पट्ट्यातील कितीतरी डॉक्टरांच्या दारात अशी गाडी उभी आहे. त्यांपैकी काही गाड्या आता अपघातांतून गेल्या आहेत. आणि मग संध्याकाळी दवाखाना आटोपल्यावर फोन येतो, ‘दुरुस्त करू, की सुट्या भागांच्या भावाने देऊन टाकू?’

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे वाचकांचा वेळ वाया जाणार नाही. हा निर्णय आपण पैशाचा समजतो. वस्तुतः तो आरोग्याचा आहे. त्या गाडीत पुढे कोण बसणार आणि तिचे सुटलेले भाग कोणाच्या हातात जाणार, हे दोन प्रश्न आधी आणि हिशेब नंतर, असा क्रम मला योग्य वाटतो. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा असतो.

एक उदाहरण देतो. धारचे आमचे एक शल्यचिकित्सक स्नेही श्रावणात कुटुंबासह मांडवगडास निघाले होते. धारपासून मांडू जेमतेम पस्तीस किलोमीटर, रस्ताही परिचयाचा. पण पावसाळ्यात त्या पठारावर धुके उतरते तेव्हा वळणापलीकडचे काही दिसत नाही, हे मांडूस गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आलमगीर दरवाजाच्या अलीकडच्या एका वळणावर समोरून आलेल्या भरलेल्या पिकअपने त्यांच्या गाडीचा पुढचा उजवा कोपरा आत नेला आणि गाडी मागे घसरून दगडी कठड्यावर आदळली. पुढच्या दोन्ही आणि उजव्या बाजूची पडद्याची एअरबॅग उघडली. सुदैवाने कोणाच्या जिवावर बेतले नाही. मागे बालआसनात बांधलेल्या चार वर्षांच्या नातीच्या खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ उमटला होता, तो मीच तपासला. तो वळ पाहून आजीच्या डोळ्यांत पाणी आले. मला मात्र तो पाहून समाधान वाटले, कारण पट्ट्याने आपले काम केले होते.

गाडीचे विम्यातील घोषित मूल्य, ज्यास आयडीव्ही म्हणतात, चौदा लाख होते. गॅरेजने पहिला अंदाज दिला नऊ लाख साठ हजारांचा. आपल्याकडील मोटार विम्याचा नियम असा की, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. चौदा लाखांचे ७५ टक्के म्हणजे साडेदहा लाख. तेव्हा सर्व्हेअरच्या दृष्टीने गाडी दुरुस्तीयोग्य होती. आमच्या स्नेह्यांचे मन त्या गाडीवरून उडाले होते, त्यांच्या चिरंजीवांनी एका भंगार व्यापाऱ्याशी परस्पर बोलणेही केले होते, आणि सूनबाईंचे म्हणणे एकच, ‘या गाडीत मुलीला पुन्हा बसवणार नाही.’ तिघांचीही मते मला त्या वेळी अर्धवट वाटली. का ते सांगण्यासाठी आधी या गाडीच्या पोटात काय असते ते पाहावे लागेल.

हायब्रिड गाडीत दोन संसार एका छताखाली नांदतात. बॉनेटखाली पेट्रोलचे इंजिन, त्याच्या शेजारी विजेची मोटर, आणि बॅटरीतील प्रवाहाचे रूपांतर करणारा इन्व्हर्टर, त्याचे स्वतंत्र शीतकरण. मागे, बहुतेक गाड्यांत मागच्या आसनाखाली किंवा डिकीच्या तळाशी, उच्च दाबाची बॅटरी. दोहोंना जोडणारी जाड नारिंगी वेष्टनाची केबल गाडीच्या तळाखालून जाते. त्यामुळे समोरून ठोकर बसली तर पेट्रोल आणि वीज दोन्ही बाजूंचा महाग ऐवज एकदम सापडतो, आणि मागून बसली तर बॅटरी. निव्वळ विजेच्या गाडीत बॅटरी अवाढव्य असते, पण पुढचा भाग तुलनेने रिकामा. हायब्रिडची बॅटरी लहान. हायरायडर वा ग्रँड विटाराची जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते. परंतु दाब मात्र लहान नव्हे. या गाड्यांत तो सुमारे १७७ व्होल्ट, तर जुन्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्ट. घरातल्या विजेला घाबरणाऱ्याने यालाही घाबरावे, इतका तो निश्चित आहे.

मात्र या भीतीचाच एक वाईट परिणाम होतो. अपघातात एअरबॅग उघडली की, गाडीतील संगणक बॅटरीचे मुख्य रिले आपोआप उघडतो आणि उच्च दाबाचा प्रवाह तोडतो. ही सुरक्षेची व्यवस्था आहे. त्यानंतर गाडी चालू होत नाही, फलकावर इशाऱ्यांची रांग लागते, आणि तालुक्याच्या गावातला मिस्त्री सांगतो, ‘साहेब, बॅटरी गेली.’ बॅटरी गेलेली नसते; बेशुद्धावस्थेला मृत्यू म्हणण्यासारखे ते आहे. ज्याच्याजवळ विद्युतरोधक हातमोजे नाहीत, इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र नाही, आणि सर्व्हिस प्लग काढल्यावर कपॅसिटर रिते होण्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागते हे ज्याला सांगितलेले नाही, त्याने त्या गाडीस हात न लावणेच उत्तम. परंतु त्याने मृत्यूचा दाखलाही देऊ नये. चांगल्या, किरकोळ मार बसलेल्या गाड्या निव्वळ अज्ञानाच्या भीतीपोटी भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्याच जिल्ह्यात पिथमपूरजवळ नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची अतिवेगवान चाचणीधावपट्टी आहे, २९ जून २०२१ रोजी तिचे उद्घाटन झाले. नव्या गाड्यांची परीक्षा देशात अव्वल दर्जाची होते. मोडलेल्या गाडीची परीक्षा करण्यासाठी मात्र तिला ट्रकवर घालून साठ किलोमीटर इंदूरला न्यावे लागते, ही विसंगती आपण निमूटपणे स्वीकारली आहे.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की बॅटरीचा अहवाल लेखी मागावा. इन्सुलेशनची तपासणी झाली का, बॅटरीच्या पेटीला पोचा वा तडा आहे का, आत पाणी गेले का, प्रत्येक मॉड्यूलचा दाब किती. उत्पादकांनी हायब्रिड बॅटरीवर सहसा आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी दिलेली असते. अपघातानंतर ती कितपत उरते, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. डॉक्टरमंडळींना हे सांगण्याचे वस्तुतः कारण नसावे. आपण तोंडी निदानावर शस्त्रक्रिया करीत नाही.

दुसरी गोष्ट सांगाड्याची, आणि येथे माझे मत अधिक कठोर आहे. पत्रा, बंपर, दिवे, रेडिएटर, दरवाजे, फार काय इन्व्हर्टरसुद्धा बदलता येतो. परंतु गाडीच्या पुढच्या भागातील लांब दांडे आणि दारांमधले खांब आज अतिशय मजबूत, विशिष्ट प्रक्रियेने तयार केलेल्या पोलादाचे असतात. ते गॅसच्या ज्योतीने तापवून, ठोकून सरळ केले, तर डोळ्याला सरळ दिसतात, रंग दिल्यावर तर ओळखूही येत नाहीत. पण तापविल्याने त्या पोलादाची ताकद उतरते. पहिल्या अपघातात जो दांडा ठरल्याप्रमाणे चुरगळून आतल्या माणसांना वाचवतो, तोच दुसऱ्या अपघातात कसा वागेल हे कोणीच सांगू शकत नाही. असा दांडा बदलावा, आणि तो उत्पादकाच्या पद्धतीने बदलण्याची सोय नसेल, तर गाडी सोडावी. यात तडजोड नको.

आता एअरबॅगकडे येतो, कारण सर्वांत अप्रामाणिक दुरुस्ती येथेच होते. आपल्या विम्याच्या पद्धतीत धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयानुसार असतो, परंतु रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांच्या जोडीला एअरबॅगवरही सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो. ‘झिरो डेप्रिसिएशन’चे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर निम्मी रक्कम मालकाच्या खिशातून. म्हणजे जो भाग जीव वाचवतो, तोच मालकाला सर्वांत जड. मग कोणी तरी सुचवतो, ‘साहेब, एअरबॅग पुन्हा कशाला, वरचे झाकण बसवून देतो, दिवाही पेटणार नाही.’ दिवा पेटत नाही, कारण एअरबॅगच्या जागी एक क्षुल्लक रोधक जोडून संगणकाची फसवणूक केलेली असते. गाडी पुढे विकली जाते. तिसऱ्या मालकाच्या बायकोला काय ठाऊक, की समोरच्या झाकणामागे काहीही नाही? सीटबेल्टचेही तसेच. टक्कर होताच पट्टा आवळून धरणारी यंत्रणा एकदाच उडते. ती उडाली की पट्टा संपूर्ण बदलावा लागतो, धुऊन चालत नाही.

वाचक म्हणतील, इतका सखोल विचार सर्वसामान्य मालकाने कसा करावा? त्याने करू नये. त्याच्या वतीने तो करणारा निष्पक्ष माणूस हवा. आणि येथे आपल्या व्यवसायातील एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू ठरविण्यासाठी चार वैद्यकीय तज्ज्ञांचे मंडळ सांगितले, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी सांगितली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही त्या मंडळात असू नये असे बंधन घातले. ज्याला मूत्रपिंड हवे आहे, त्याने मृत्यू ठरवू नये. इंदूरच्या ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या आपण अभिमानाने वाचतो. त्यामागचा विश्वास या एका बंधनावर उभा आहे.

गाडीच्या बाबतीत काय होते पाहा. दुरुस्तीचा अंदाज देणारे गॅरेज तेच, जे दुरुस्तीचे बिल करणार. सर्व्हेअर कोणाच्या खर्चाने येतो, हे सांगायला नको. टोटल लॉस ठरल्यावर सांगाडा घेणारा व्यापारी बहुतेकदा आधीच अंगणात उभा असतो. यांतील प्रत्येकजण अप्रामाणिक आहे असे मी मुळीच म्हणत नाही. अनेक सर्व्हेअर अत्यंत काटेकोर असतात. परंतु निर्णय करणारा आणि निर्णयातून लाभणारा वेगळे असावेत, एवढे साधे तत्त्व तेथे नाही. म्हणून माझी सूचना अशी की, हायब्रिड वा विजेची गाडी जबर अपघातात सापडली, तर मालकाने दुसऱ्या, त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या अधिकृत केंद्राकडून फी भरून स्वतंत्र मत घ्यावे. आपण रुग्णांना ‘सेकंड ओपिनियन’ घेऊ देतो, काही जण नाराज होऊन का होईना.

आमच्या स्नेह्यांनी तसे केले. पुढचा भाग पूर्ण उघडल्यावर दांडा वाकलेला निघाला, इन्व्हर्टरचा आधार तुटलेला निघाला, शीतकाच्या नळ्या फाटलेल्या. अंदाज अकरा लाख तीस हजारांवर गेला; म्हणजे आयडीव्हीच्या ८० टक्क्यांहून अधिक. बॅटरी मात्र तपासणीत ठणठणीत निघाली. ज्या भागाची सर्वांना धास्ती होती तोच सर्वांत निरोगी, आणि ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते तो दांडा गेलेला. वैद्यकात असे आपण रोज पाहतो.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनी द्यावी, कारण मांडू आणि धार या गावांनी दुरुस्ती की सुटे भाग हा प्रश्न आपल्या फार आधी सोडवायचा प्रयत्न केला आहे. १६१७ साली जहांगीर मांडूस आला, त्यापूर्वी त्याने अब्दुल करीम नावाच्या अधिकाऱ्यास पुढे पाठविले होते. त्याने जुन्या सुलतानांच्या पडझड झालेल्या इमारतींपैकी काही दुरुस्त केल्या, काही नव्याने बांधल्या, आणि एकूण खर्च तीन लाख रुपये आला, अशी नोंद बादशहाने आपल्या आठवणींत केली आहे. म्हणजे अंदाजपत्रक तेव्हाही होते. त्याच आठवणींत धारच्या लोहस्तंभाचीही कथा आहे. परंपरेने राजा भोजाशी जोडला जाणारा हा प्रचंड स्तंभ गुजरातचा बहादूरशहा घेऊन जाऊ पाहत होता; उखडताना तो पडून मोडला. जहांगीराने त्याचा मोठा तुकडा आग्र्यास नेऊन अकबराच्या कबरीच्या प्रांगणात उभा करावा आणि त्यावर रात्री दिवा लावावा, असा हुकूम दिला. सुट्या भागाचा याहून शाही उपयोग काय असणार! तो हुकूम अमलात आलेला दिसत नाही. स्तंभाचे तीन तुकडे आजही धारच्या लाट मशिदीच्या बाहेर ओट्यावर आडवे ठेवलेले आहेत, कोणी जोडले नाहीत, कोणी वितळवले नाहीत, आणि शतकानुशतके पाऊस खाऊनही गंजून संपलेले नाहीत. मी तेथून जाताना गाडीचा वेग नेहमीच कमी करतो.

देवासकरांना दुसरे उदाहरण देण्याची गरज नाही. १९४८ च्या प्रारंभी क्षयाने पोखरलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला आले, एका फुप्फुसाच्या बळावर १९५३ पासून पुन्हा गायले, आणि उरलेल्या श्वासातून गाण्याची एक नवीच वाट त्यांनी काढली. पण तेथे दुरुस्ती माणसाची होती. माणसाच्या बाबतीत आशेला जी मुभा असते, ती पोलादाच्या दांड्याच्या बाबतीत नसते. आपल्याकडे ‘लक्ष्मी आहे, टाकवत नाही’ म्हणून गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पूजेचा नारळ मात्र नव्या गाडीपुढे फोडावा.

गाडी सोडायचे ठरले की खरा प्रश्न सुरू होतो. भंगार व्यापाऱ्याने आमच्या स्नेह्यांना दोन भाव सांगितले. एक, नोंदणी रद्द करून देणार असाल तर. आणि दुसरा, त्याहून बराच जास्त, ‘आरसी जशीच्या तशी’ दिली तर. हा वरचा पैसा लोखंडाचा नव्हे, कागदाचा. त्याच रंगाची, त्याच मॉडेलची चोरलेली गाडी आणून तिच्यावर मोडलेल्या गाडीचा चेसिस क्रमांक ठोकायचा, आणि जुन्या आरसीवर ती राजरोस फिरवायची, हा धंदा देशभर पोलिसांनी वेळोवेळी उघड केला आहे. उद्या ती गाडी कोठे गुन्ह्यात सापडली, तर पोलीस प्रथम आपल्या दवाखान्याच्या दारात येतील. मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ स्पष्ट आहे. गाडी नष्ट झाली वा कायमची निरुपयोगी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्यास कळवून आरसी परत करावी. सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार आता नोंदणीकृत वाहन-मोडणी केंद्रे आहेत. तेथे गाडी दिल्यावर ठेव-प्रमाणपत्र मिळते, आणि ते नवी गाडी घेताना उपयोगी पडते. मिळणारी रक्कम भंगारवाल्याच्या दुसऱ्या भावापेक्षा निश्चितच कमी असते. ही तफावत किती, याचा विचार प्रत्येकाने आपल्या झोपेच्या किमतीशी ताडून करावा.

आता मी जेथे खरोखर अस्वस्थ होतो तेथे येतो. सुटे भाग कोठे जातात? दरवाजे, काचा, दिवे, आसने, न तडकलेली चाके, शाबूत मोटर यांचा पुनर्वापर व्हावा, तो काटकसरीचा आणि शहाणपणाचा मार्ग आहे. एसीचा विजेवर चालणारा कॉम्प्रेसरही वापरता येतो, फक्त त्यात त्याचेच विद्युतरोधक तेल घालावे लागते. साधे तेल घातले तर उच्च दाबाच्या इन्सुलेशनचीच हानी होते. परंतु बॅटरी? ठोकर बसलेली लिथियम बॅटरी काही दिवसांनीसुद्धा आतून तापून पेट घेऊ शकते. म्हणून अशी गाडी इतर वाहनांपासून आणि इमारतींपासून सुमारे पंधरा मीटर दूर उभी करावी, असे अमेरिकेतील सुरक्षा यंत्रणा सांगतात. आपल्याकडे ती कबाडखान्यात गॅस कटरच्या शेजारी उभी असते. तिचे सेल सोडवून घरगुती इन्व्हर्टरसाठी वा ई-रिक्षासाठी जोडण्याचा जुगाड करणारेही आहेत. आणि प्रत्येक हायब्रिडमध्ये, हे अनेकांना ठाऊक नसते, उच्च दाबाच्या बॅटरीखेरीज एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, बहुधा शिशाची.

शिशाविषयी बालरोगतज्ज्ञाने बोलले नाही तर कोणी बोलावे? युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक असल्याचे अनुमान काढले. त्यांतील सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातील. या विषाचा एक मोठा स्रोत म्हणून त्या अहवालाने बोट दाखवले ते शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या असंघटित तोडफोडीकडे. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी पाच वर्षांचा एक मुलगा येत असे. फिकट, चिडचिडा, पोट दुखते म्हणणारा, बद्धकोष्ठ असलेला. लोहाची औषधे महिनोन्महिने देऊनही हिमोग्लोबिन हलेना. जंतांचे औषध झाले, सिकलची तपासणी झाली. एके दिवशी वडिलांचे हात पाहून मी विचारले, काम काय करता? घरामागच्या पत्र्याच्या छपरात ते जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे ओतत होते. मुलगा तेथेच खेळे. रक्तातील शिसे वीसच्या पुढे निघाले. औषधाहून महत्त्वाचे होते ते छप्पर तेथून हलणे, आणि ते हलवणे म्हणजे त्या घराची चूल बंद करणे होते. त्या घरी येणाऱ्या बॅटऱ्या कोणाच्या होत्या? आपल्याच, जास्त भाव देतो म्हणून आपण ज्याला दिल्या, त्याच्यामार्फत गेलेल्या.

वैद्यकीय क्षेत्रातील लोकांनी तर या बाबतीत अधिकच सावध असायला हवे. एप्रिल २०१० मधील दिल्लीच्या मायापुरीची घटना आपणांस आठवत असेल. एका विद्यापीठातील वर्षानुवर्षे न वापरलेले कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले, वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या बाजारात ते फोडले गेले, आणि किरणोत्साराने एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेक गंभीर आजारी पडले. विकणारे सुशिक्षित होते, फोडणारे नव्हते.

आणि धार जिल्ह्यात राहून ‘पुढे कोठे का जाईना’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमधून पिथमपुरात आला. लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि जूनअखेर तो जाळून झाला. त्या प्रक्रियेच्या शास्त्रीय बाजूविषयी आपल्यातच मतभेद आहेत, त्यात मी येथे शिरत नाही. सांगायचे एवढेच की दूरच्या शहराने चाळीस वर्षे निकालात न काढलेला कचरा एके रात्री आपल्या दाराशी उभा राहतो तेव्हा कसे वाटते, हे या जिल्ह्याइतके कोणाला कळणार! मग आपल्या मोडक्या गाडीची बॅटरी आपण ज्या वस्तीत पाठवतो, त्या वस्तीला विचारण्याचे सौजन्य तरी आपण दाखवतो का? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी विजेच्या व हायब्रिड गाड्यांच्या बॅटऱ्याही कक्षेत आणल्या आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. २००१ चे नियम केवळ शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. मालकाने विक्रेत्याकडे ‘बॅटरी तुम्ही घ्या आणि घेतल्याची पावती द्या’ असे म्हणायचे तेवढे बाकी आहे. आपल्या संस्थेने इंदूर-उज्जैन पट्ट्यातील अधिकृत मोडणी केंद्रे व बॅटरी पुनर्चक्रण करणाऱ्यांचे पत्ते मिळवून सभासदांना एका पानावर छापून द्यावेत, असा प्रस्ताव मी पुढील सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. दवाखान्यातील जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांची शिस्त आपण कुरकुरत का होईना अंगी बाणवली, हेही जमेल.

आमच्या स्नेह्यांनी कमी भाव पत्करला, आरसी परत केली आणि बॅटरी विक्रेत्याकडे जमा केली. चिरंजीव अजून नाराज आहेत, आणि त्यांचा हिशेब रुपयांत पाहिला तर चुकीचा नाही.

राहता राहिले बालआसन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आले आणि चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड झाला, म्हणून आता अनेक घरी ही आसने दिसतात, ही आनंदाची गोष्ट. परंतु अपघातानंतर ती शाबूत दिसतात म्हणून धाकट्या भाच्यासाठी दिली जातात. गाडी स्वतः चालवत नेता आली, आसनाजवळचे दार शाबूत आहे, एअरबॅग उघडली नाही, कोणाला इजा नाही आणि आसनावर तडा नाही, या सर्व अटी पूर्ण झाल्या तरच ते पुन्हा वापरावे. एरवी त्याचे प्लॅस्टिक आतून कोठे फाटले आहे, हे वरून कळत नाही. नातीचे ते आसन आमच्या स्नेह्यांच्या सौभाग्यवती मोलकरणीच्या मुलाला देणार होत्या, मनापासून, चांगल्या भावनेने. मी कात्री मागून घेतली, त्याचे पट्टे कापले आणि पाठीवर जाड अक्षरांत ‘अपघातग्रस्त’ असे लिहून दिले. मोलकरणीच्या मुलासाठी नवे आसन दुसऱ्या दिवशी आले.